नावेचे भाडे

जुन्या करारातील योनाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोठा मासा सर्वांच्या ध्यानात राहतो. परंतु त्या कथेच्या आरंभीच एक लहानसा तपशील आहे, तो सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. देवाच्या आज्ञेपासून पळ काढणारा योना याफोच्या बंदरात येतो, तार्शीशला जाणारे तारू त्याला मिळते आणि तो त्या तारवाचे भाडे भरतो. म्हणजे, ज्या प्रवासाला त्याने जायलाच नको होते, त्या प्रवासाचे पैसे त्याने रोख मोजले होते! गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर आम्हीही नावेचे भाडे भरले. त्या भाड्याचा हिशेब आमच्या मनात अद्याप मिटलेला नाही. तो वाचकांपुढे मांडावा, म्हणून हे लेखन.

आमची कन्या गेली चार वर्षे माल्टातील एका इस्पितळात परिचारिका आहे. आमच्या विवाहाला चाळीस वर्षे झाली, तेव्हा तिने आम्हा उभयतांना आग्रहाने बोलावून घेतले. आमच्या नकळत तिने आणखी एक बेत योजिला होता. एक दिवसासाठी नाव भाड्याने घ्यायची, कोमिनो नावाच्या चिमुकल्या बेटाला वळसा घालायचा, तेथील निळ्या खाडीत थांबायचे, बरोबर नेलेली शिदोरी नावेतच खायची आणि सायंकाळी परतायचे. त्यासाठी तिने कित्येक महिने रात्रपाळीचे जादा पैसे बाजूला ठेवले होते. रजा मात्र तिला एकाच दिवसाची मिळाली होती.

आम्ही वसईच्या किनाऱ्यावरील मच्छीमाराचे पुत्र. नाव ही आमच्या घरी गायीगुरांसारखी नांदणारी वस्तू. तिच्यावर कर्ज काढले जाते, तिला रंग लावला जातो, मोसमाच्या आरंभी धर्मगुरूंकडून तिला आशीर्वाद दिला जातो. नाव मौजेसाठी भाड्याने घेतात, हेच मुळी आम्हांला नवल वाटले. कन्येने सारी पद्धत समजावून सांगितली. तेथे नाव दोन प्रकारे मिळते: नुसती, किंवा चालकासह. नुसती घेतली तर मोठी अनामत ठेवावी लागते आणि जबाबदारी सर्वस्वी आपली. चालकासह घेतली तर भाडे वाढते, परंतु काळजी त्याची. डिझेल भाड्यात धरले आहे की वेगळे, हे आधी विचारून घ्यावे लागते. प्रत्येक माणसामागे एक जीवरक्षक जाकीट आहे की नाही, हे मोजून पाहावे लागते. तिने चालकासह नाव ठरविली होती. करारपत्राच्या शेवटी एक कलम होते: हवामानाविषयी नाखव्याचा निर्णय अखेरचा राहील. आम्ही ते वाचले आणि सही केली. सही करताना माणूस जितका नम्र असतो, तितका पुढे राहत नाही.

माल्टा हा देश लहानखुरा. मुख्य बेट, गोझो आणि कोमिनो मिळून अवघे ३१६ चौरस किलोमीटर. १९६४ साली तो इंग्रजांपासून स्वतंत्र झाला आणि २००४ साली युरोपीय संघात सामील झाला. तेथील भाषेचे मूळ अरबी, लिपी मात्र रोमन. तेथील कॅथलिक लोक देवाला ‘अल्ला’ म्हणतात आणि आपल्या उपवासकाळाला ‘रंदान’. मिस्सात ते शब्द कानी पडले, तेव्हा आम्ही क्षणभर चकित झालो आणि मग संतोष पावलो. मच्छीमारांच्या पारंपरिक नावांना तेथे ‘लुत्सू’ म्हणतात. निळ्या, पिवळ्या, तांबड्या, हिरव्या पट्ट्यांनी त्या रंगविलेल्या असतात आणि नाळेच्या दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. संकट आधी दिसावे म्हणून हे डोळे, अशी तेथील समजूत. आमच्या नावांनाही जुन्या काळी डोळे असते तर बरे झाले असते, असे सौ. म्हणाल्या.

आमची नाव संत पौलाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपसागरात उभी होती. इ. स. ६० च्या सुमारास रोमला नेल्या जाणाऱ्या बंदिवान संत पौलाचे तारू येथेच फुटले, अशी तेथील परंपरा आहे. उपसागराच्या मुखाशी सेल्मुनेत नावाचे निर्मनुष्य बेट आहे. त्यावर उभारलेला संत पौलाचा शुभ्र पुतळा किनाऱ्यावरूनही दिसतो. दरवर्षी १० फेब्रुवारीला त्या तारूभंगाचा सण देशभर पाळला जातो. एका अपघाताचा सण व्हावा, ही गोष्ट आम्हांला फार आवडली होती.

ठरल्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही धक्क्यावर पोहोचलो. सौभाग्यवतींच्या हाती शिदोरीची टोपली, कन्येच्या चेहऱ्यावर चार वर्षांत न दिसलेला आनंद. समुद्र तेलासारखा संथ होता. साठीचा नाखवा नावेजवळ उभा होता. त्याने टोपी काढून आम्हांला अभिवादन केले आणि शांतपणे सांगितले, “आज जाता येणार नाही.”

कारण विचारले तेव्हा त्याने ईशान्येकडे बोट दाखविले. दुपारपूर्वी ‘ग्रिगाल’ येईल, असे तो म्हणाला. ईशान्येकडून सुटणाऱ्या वाऱ्याचे हे तेथील नाव. हा उपसागर नेमका त्याच दिशेला उघडा असल्याने परतताना नाव धक्क्याला लावणे कठीण होईल, हे त्याने हातवाऱ्यांनी समजावून दिले. परवा या, नाहीतर पैसे परत घ्या, असे दोन मार्गही त्याने सुचविले.

परवा कन्येला रजा नव्हती. आमचा पारा चढला. आम्ही कोळ्याची मुले, समुद्र आम्हांला कुणी शिकवू नये, अशा अर्थाचे बरेच काही आम्ही बोललो. वाऱ्याचे निमित्त करून अधिक पैशांचे गिऱ्हाईक घ्यायचे असेल, असेही आमच्या तोंडून निघून गेले. कन्येची मान खाली गेली. “पप्पा, पुरे करा ना,” ती हळूच म्हणाली. नाखव्याने प्रत्युत्तर केले नाही. तेवढ्यात धक्क्यावरच्या दुसऱ्या एका तरुणाने आम्हांला खुणावले. तो निघायला तयार होता, तेही कमी भाड्यात. आम्ही शिदोरीची टोपली उचलली.

सौभाग्यवती मात्र धक्क्याच्या पायरीवर बसल्या. त्या एवढेच म्हणाल्या, “आज बाबा असते तर ते कुणाच्या नावेत बसले असते?”

बाबा म्हणजे आमचे वडील. त्या प्रश्नाचा अर्थ कन्येला कळला नाही. आम्हांला तत्काळ कळला.

आम्ही बारा वर्षांचे असताना वडिलांनी एकदा अर्ध्या वाटेवरून नाव मागे फिरविली होती. मासळीचा ऐन मोसम होता आणि बंदरातल्या सर्व नावा पुढे गेल्या होत्या. ‘वारा बरा वाटत नाही,’ एवढेच ते खलाशांना म्हणाले. त्या दिवशी वादळ आले नाही. दुसऱ्या नावा मासळीने भरून परतल्या आणि आमच्या अंगणात दोन दिवस थट्टा चालली. मोसमाच्या उचलीचे हप्ते थकले. आईच्या बांगड्या गहाण पडल्या. वडिलांनी ना खुलासा केला, ना पश्चात्ताप. शाळेत मुले आम्हांला भित्र्याचा मुलगा म्हणत. आम्हांला वडिलांची लाज वाटली आणि ती लाज आम्ही पुष्कळ वर्षे मनात जपली. त्या पाच खलाशांच्या घरी त्या रात्री दिवा लागला होता, हा विचार तेव्हा आमच्या मनाला शिवलाही नाही.

आम्ही टोपली खाली ठेवली.

साडेअकराच्या सुमारास वारा सुटला. तासाभरात संथ समुद्र पांढरा झाला आणि लाटांचे पाणी धक्का ओलांडून रस्त्यावर आले. त्या तरुणाची नाव तत्पूर्वीच अर्ध्या वाटेवरून परतली होती. कुणालाही इजा झाली नव्हती. परंतु नखशिखान्त भिजलेली ती माणसे नावेतून उतरताना एकमेकांशी बोलत नव्हती. आम्ही शिदोरी कन्येच्या खोलीत बसून खाल्ली. तिच्या रजेचा दिवस असा सरला.

त्या रात्री आम्ही ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडले आणि २७ वा अध्याय वाचला. तो अनेकदा वाचलेला होता. पण त्या रात्री तो जणू आमच्याविषयीच लिहिलेला वाटला. प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस उलटून गेला होता, म्हणजे हाच सप्टेंबर-ऑक्टोबरचा सुमार. पुढचा प्रवास धोक्याचा आहे, असे पौलाने क्रेत बेटावरच बजावले होते. शताधिपतीने मात्र तारवाचा तांडेल आणि मालक यांच्यावर अधिक विश्वास ठेवला. दक्षिणेचा मंद वारा सुटला. आपला बेत साधला, असे सर्वांना वाटले. आणि मग ईशान्येचा तुफानी वारा खाली उतरला. माल्टाचे लोक त्यालाच ग्रिगाल मानतात. त्या तारवात २७६ जीव होते. चौदाव्या रात्री खलाशांनी लहान होडी सोडून पळून जाण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पौलाने तो हाणून पाडला. पहाटे त्याने भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि सर्वांना धीर दिला.

त्या कथेत मालकाने ऐकले नाही आणि बंदिवानाने इशारा दिला. आमच्या कथेत इशारा मालकानेच दिला होता, तोही स्वतःचे भाडे बुडवून. आणि ऐकायला तयार नव्हतो ते आम्ही, दर रविवारी हाच ग्रंथ ऐकणारे.

दुसऱ्या दिवशी नाखव्याने सर्व पैसे परत केले. आम्ही क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, “नाही म्हणणे हेही आमच्या धंद्यातले काम आहे.” बोलता बोलता त्यानेच पाओला गावाजवळच्या आदोलोराता दफनभूमीचा उल्लेख केला. आम्ही उभयता तेथे जाऊन आलो. एप्रिल २०१५ मध्ये लिबियाकडून निघालेली एक नाव बुडाली आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी २४ जणांचे मृतदेह माल्टात आणले गेले आणि येथे पुरले गेले. त्यांची नावे कुणाला ठाऊक नव्हती. त्यांच्या अंत्यविधीला बिशपांबरोबर इमामही उभे होते.

त्या माणसांनीही नावेचे भाडे भरले होते. कुणी शेत विकून, कुणी दागिने विकून. त्यांना करारपत्र नव्हते, जाकीट नव्हते. आणि ‘आज जाता येणार नाही’ असे सांगणारा, पैसे परत मोजून देणारा नाखवा त्यांना भेटला नव्हता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ जुलै २०१३ रोजी जवळच्याच लाम्पेदुसा बेटावर, फुटलेल्या नावांच्या लाकडाच्या वेदीवर मिस्सा अर्पण केला होता. ती वेदी तशीच का हवी होती, हे आम्हांला त्या दफनभूमीत उमगले. तारू फुटून किनाऱ्याला लागलेल्या पौलासाठी आणि त्याच्या सोबत्यांसाठी याच बेटावरच्या परक्या लोकांनी पाऊस व थंडी आहे म्हणून शेकोटी पेटविली होती. ती शेकोटी प्रत्येक पिढीला नव्याने पेटवावी लागते.

कोमिनो आम्ही पाहिले नाही. कन्या म्हणते, पुढच्या वर्षी पाहू. परत आलेले पैसे तिने पुन्हा बाजूला ठेवले आहेत.

मायदेशी परतल्यावर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही वडिलांच्या कबरीवर गेलो. दरवर्षी मेणबत्ती लावून, प्रार्थना म्हणून परतण्याची आमची रीत. या वर्षी जरा वेळ थांबलो. जे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी म्हणायला हवे होते, ते म्हणालो. वारा होता; मेणबत्ती दोनदा विझली. सौभाग्यवतींनी पदराचा आडोसा धरला, तेव्हा ती नीट पेटली.