आठ मिनिटांसाठी बांधलेलं घर

बेल्जियममधल्या ब्रुसेल्सला गेलात, तर नऊ चकाकत्या गोळ्यांचं ‘अ‍ॅटोमियम’ तुम्हांला कुणीही दाखवील. १०२ मीटर उंच! १९५८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी ते उभारलं होतं. त्याच प्रदर्शनातली आणखी एक इमारत मात्र शोधूनही सापडायची नाही. तिचीच ही गोष्ट.

फिलिप्स ही हॉलंडची कंपनी रेडिओ, बल्ब बनवायची. तिनं आपल्या दालनाचं काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे सोपवलं. हो, आपलं चंदीगड आखणारे तेच! त्यांनी ठरवलं, दालनात माल मांडायचाच नाही. प्रकाश, चित्रं आणि आवाज, बस्स! पण ते चंदीगडच्या कामात गुंतलेले. मग इमारतीचा आकार काढला त्यांच्या कचेरीतल्या यानिस झेनाकिस यांनी. हे ग्रीक इंजिनिअर संगीतकारही होते बरं का!

इमारत दिसायची टोकदार तंबूसारखी. काँक्रीटच्या भिंती जेमतेम ५ सेंटिमीटर जाड, आणि वळलेल्या. गंमत म्हणजे हे वळण सरळ रेषांचं! दोन फूटपट्ट्या समोरासमोर धरा, त्यांच्यावर सात-आठ रबरबँड शेजारी शेजारी ताणून चढवा आणि एक पट्टी तिरकी करा. प्रत्येक रबर सरळच राहतं, पण सगळ्यांचा मिळून होणारा पडदा वळतो. झालं की नाही दालनाचं छप्पर?

आत शिरताना झेनाकिस यांचं छोटंसं संगीत ऐकू येई. ते जळत्या कोळशाच्या तडतडीतून केलेलं! मग अंधार. एडगार व्हारेझ यांचं आठ मिनिटांचं ‘इलेक्ट्रॉनिक काव्य’ सुरू. घंटा, ढोल, यंत्रं, माणसांचे आवाज, सगळं टेपवर. तीनशेहून जास्त स्पीकर भिंतींत बसवलेले, त्यामुळे आवाज डोक्यावरून पळत जाई. भिंतींवर चित्रं उमटत: मुखवटे, तान्ही बाळं, अणुबाँबचा ढग. असलं संगीत कंपनीला नको होतं, पण ल कॉर्ब्युझिए अडून बसले.

श्रेय मात्र आधी एकट्या ल कॉर्ब्युझिए यांनाच मिळत होतं. झेनाकिस यांनी आग्रह धरला, तेव्हा त्यांचंही नाव लागलं. मला तो आग्रह पटतो. गटानं केलेल्या तक्त्यावर एकाचंच नाव दिसलं, की वर्गात काय होतं ते विचारा!

ऑक्टोबरात प्रदर्शन संपलं आणि जानेवारी १९५९ मध्ये दालन पाडलं. टेपवरचं संगीत टिकलं. आज ते घरी दोन स्पीकरवर ऐकता येतं, पण त्याला पळायला त्या भिंती नाहीत.