वाकडा पोहणारा डायलअप

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. घरात आजारपण होतं. आजारी कोण, तर डायलअप.

डायलअप म्हणजे आमचं कासव. कानामागे लाल पट्टा असलेलं, पाण्यातलं, 'रेड इअर्ड स्लायडर' जातीचं. २०१० मध्ये आणलं तेव्हा पेढ्याएवढं होतं. "एवढंच राहतं," असं दुकानदार म्हणाला होता. आज ताटलीएवढं आहे. चालण्याचा वेग बघून नाव ठेवलं डायलअप. हा विनोद आता लेकीला समजावून सांगावा लागतो. असो.

तर झालं असं. आम्ही कासारवडवलीला राहतो, बाल्कनी येऊरच्या डोंगराकडे. जानेवारीत पहाटे तिथून असा गारवा येतो की घोडबंदर रोडवर आहोत हे विसरायला होतं. टाकी बाल्कनीत. टाकीवरचा गरम दिवा डिसेंबरात उडाला होता. "या रविवारी आणतो" असं मी दर रविवारी म्हणत होतो. त्यात डायलअपने खाणं सोडलं. आम्ही सगळ्यांनी मिळून निदान करून टाकलं: शीतनिद्रा! शाळेच्या पुस्तकातला शब्द, कुणालाच शंका आली नाही.

मग एका संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, डायलअप वाकडा पोहतोय."

मी कॉलवर होतो. सोमवारी रिलीज होतं. न बघताच म्हणालो, "खेळत असेल गं."

चार दिवसांनी बघितलं तेव्हा डायलअप एका अंगावर कलून तरंगत होता. नाकाशी बारीक बुडबुडे, मान ताणलेली आणि दर श्वासाला तोंड उघडत होतं.

जवळच्या दवाखान्यात "आम्ही कुत्री-मांजरं बघतो" असं उत्तर मिळालं. शेवटी मुलुंडच्या पुढे कासवं बघणारे एक डॉक्टर सापडले. प्लास्टिकच्या टबात ओला टॉवेल, शेजारी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. (टबात पाणी भरून न्यायचं नाही, अशक्त कासव त्यातही बुडू शकतं.) शनिवारचा ट्रॅफिक, मेट्रोचे खांब, आणि मागच्या सीटवर लेक दर दोन मिनिटांनी, "बाबा, घेतोय श्वास."

डॉक्टरांनी प्रश्न सुरू केले. शेवटचं कधी खाल्लं? आठवत नाही. वजन? कधी केलंच नाही. पाण्याचं तापमान? माहीत नाही. अतिनील किरणांचा दिवा कधी बदललाय? तो तर पेटतोय की! त्यावर ते म्हणाले, पेटतो म्हणजे काम करतो असं नाही, उजेड राहतो आणि किरणं काही महिन्यांत कमी होत जातात.

हपिसात एखादा सर्व्हर पाच मिनिटं गप्प बसला तर रात्री तीनला माझा फोन वाजतो. आणि घरातला हा जीव महिनाभर गप्प होता, तर मी त्याला स्वभाव समजलो.

एक्स-रे काढला. त्यात आधी अंडी अडकलीत का ते बघितलं. मी म्हणालो, अंडी कशी असतील? डॉक्टरांनी पुढच्या पायांची नखं दाखवली. नराची लांब असतात, हिची आखूड. पंधरा वर्षं ही मादी होती! लेक म्हणाली, "म्हणजे ही माझी ताई?"

अंडी नव्हती, न्यूमोनिया होता. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात. आपल्यासारखा श्वासपटल नाही, त्यामुळे जोरात खोकून कफ बाहेर काढता येत नाही. एका फुप्फुसात पाणी साचलं की ती बाजू जड होते. वाकडं पोहणं हाच तिचा खोकला होता. शीतनिद्रेचं म्हणाल तर, ठाण्याची थंडी धड झोपण्याइतकी नाही आणि पचन व प्रतिकारशक्ती चालण्याइतकी ऊबही नाही. ही मधली अवस्थाच वाईट.

दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन, तेही पुढच्या पायात, कारण मागच्या पायांतलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं. बाकी वेळ उबदार कोरडा टब, दिवसातून थोडा वेळ उथळ कोमट पाणी.

डॉक्टरांनी बाकीच्या खुणाही सांगितल्या. सुजून मिटलेले डोळे बहुतेकदा जीवनसत्त्व 'अ' कमी पडल्याचे. आम्ही वर्षानुवर्षं नुसती सुकी कोळंबी घालत होतो. मऊ पडलेलं कवच म्हणजे कॅल्शियम आणि उन्हाची कमतरता. कवचावर खड्डे आणि घाण वास म्हणजे संसर्ग. यातलं काहीही दिसलं तरी घरगुती उपाय नकोत. जीवनसत्त्व 'अ'चं औषध जास्त झालं तर कातडी सोलते.

दुसऱ्या आठवड्यातही ती खाईना. सोसायटीतले एक काका म्हणाले, "कावेसरच्या तलावात सोडून द्या, निसर्ग बघून घेईल." खरं सांगतो, त्या रात्री मला हे पटत आलं होतं. ती नजरेसमोर नसती तर बरं, असं वाटलं. पण आजारी कासव तिथे बुडालं असतं. आणि बरं झालं असतं तर आपल्या कासवांच्या मुळावर आलं असतं. ही जात मूळची अमेरिकेतली, जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे.

याच काळात लिफ्टमध्ये एकाने हळूच विचारलं, "आमच्या चांदणी कासवाचं नाक वाहतंय, पण दाखवायचं कसं?" चांदणी कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण त्या भीतीने ते मुकाट मरू देणं त्याहून वाईट. मी त्यांना वनखात्याचा १९२६ नंबर दिला. पुढे विचारलं नाही, विचारायला हवं.

सतराव्या दिवशी डायलअपने शेवग्याचं एक पान खाल्लं. घरात वर्ल्डकप जिंकल्यासारखा आरडाओरडा.

आता टाकी हॉलमध्ये आहे, तापमापकासकट. हात लावल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम कडक झालाय, कारण या कासवांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. आणि लेकीने एक वही केलीय. दर रविवारी वजन, खाणं, पोहणं. मला परवानगीशिवाय लिहायची मुभा नाही.

मागच्या रविवारची नोंद: १३९० ग्रॅम. भोपळा खाल्ला. सरळ पोहते.

त्याखाली पेन्सिलने: बाबांनी पाहिलं.