वीरांची हलकी कामे

महाभारतातील विराटपर्व मला फार आवडते. बकासुराला मारणारा भीम तिथे बल्लव होऊन स्वयंपाक करतो, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवतो, नकुल घोडे सांभाळतो आणि सहदेव गाई. कामे हलकी, पण त्यामुळे एकाचीही उंची कमी होत नाही. त्यांना अज्ञातवास पुरा करायचा आहे, आणि ज्याने त्याने आपल्या अंगच्या गुणाला साजेसे काम पत्करले आहे.

संगणकावर एखादी भूमिका घेऊन खेळायचे जे खेळ असतात, ते खेळताना मला हे पर्व हटकून आठवते. आपण वीर होऊन जगाच्या उद्धाराला निघतो, आणि वाटेत भेटेल तो सांगतो, “अमुक आणून दे, तमुक पोचवून ये.” माझ्या मैत्रिणी याला सरळ ‘हमाली’ म्हणतात. मला वाटते, हमालीत काही वाईट नाही. ती कोणाला सांगितली आणि त्याने का ऐकली, हे पाहिले पाहिजे.

१९९८ सालचा ‘बाल्डर्स गेट’ घ्या. आपण कँडलकीप या ग्रंथालयाच्या गढीत वाढलेले अनाथ पोर. कोठारातले उंदीर मारायचे, आजारी गाईचे औषध आणायचे, एका विसरभोळ्या बाईंचे हरवलेले पुस्तक शोधून द्यायचे. लहानपणापासूनच्या माणसांना नाही कसे म्हणणार? मग त्याच रात्री सांभाळ करणारा गोरियन मारला जातो, गढी सुटते. आणि त्या किरकोळ कामांतून आपल्याला एक घर मिळाले होते हे तेव्हा उमगते.

२०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये लोहारीण सांगते, “ही तलवार राजवाड्यात माझ्या वडिलांना दे.” नवख्या वाटसरूला ते शोभते. पण ड्रॅगन मारून नाव झाल्यावर गेलो, तरी ती त्याच सुरात सांगते! तिथे मन खट्टू होते. २०१५ च्या ‘द विचर ३’मधला गेराल्ट मात्र एका म्हातारीचा तवा शोधायलाही माग काढण्याची आपली विद्या वापरतो. तवा इतका लख्ख कसा? काजळी खरवडून कोणी शाई केली असावी, हे तो ताडतो. काम तव्याचे, पण नजर शिकाऱ्याची.

हे मला इतके का भिडावे? मी ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात पुस्तके पुसून लावते. “बी.ए.ची मुलगी आणि फडके मारते?” असे एका नातेवाइकांनी आईला विचारले. आई गप्प राहिली. मला उत्तर सुचले नाही. आज सुचते आहे. माझी फी त्या फडक्यातून जाते, आणि परीक्षेच्या दिवसांत कोणी धावत आले, तर हवे ते पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे मला न शोधता सांगता येते.