सहा केबल

माल्टा बेट नकाशावर शोधायला चष्मा लागतो. सिसिलीच्या पायाशी कोणी हलव्याचे दोन-तीन दाणे सांडावेत, तसे ते पडले आहे. पण व्हालेटा शहरातल्या अप्पर बराक्का बागेच्या कठड्याशी उभे राहून खाली पाहिले, की एवढ्याशा जागेसाठी साम्राज्ये का भांडली हे चटकन समजते. मधाच्या रंगाचे दगडी तट, त्यांच्या कुशीत खोलवर शिरलेले निळे पाणी आणि पलीकडच्या काठावर तीन जुनी गावे. हेच ग्रँड हार्बर. दुपारी बाराला खालच्या तोफखान्यातून तोफ सुटते. प्रवासी दचकतात, कबुतरे उडतात, गावचा माणूस मात्र हातातला कॉफीचा पेला हलू देत नाही.

इंग्रजांचे भूमध्य समुद्रातले आरमार इथे नांगरून असे. १९७९ साली त्यांचे शेवटचे सैन्य गेले, आणि आता तिथे सहलीची पांढरीशुभ्र जहाजे लागतात. मी मात्र त्या पाण्यात एक जुने लाकडी जहाज मनाने उभे करू पाहत होतो. त्याचे नाव ‘हायबर्निया’. १९०२ साली ते विकले गेले. त्याच्या नाळेवरचा लाकडी पुतळा तेवढा माल्टाने जपून ठेवला आहे. याच जहाजावर, जुलै १८९३मध्ये, एक विलक्षण खटला चालला. खरा अपराधी हजर नव्हता. तो समुद्राच्या तळाशी होता.

त्याचे नाव व्हाइस-अ‍ॅडमिरल सर जॉर्ज ट्रायॉन. धिप्पाड देह, भरघोस दाढी, आणि आरमाराच्या हालचालींत त्याचा हात धरणारा कोणी नाही अशी ख्याती. गंमत अशी, की हाताखालच्या अधिकाऱ्यांनी स्वतःच्या डोक्याने चालावे हाच त्याचा आग्रह होता. लढाईत निशाणांचे इशारे वाचत बसायला वेळ कुठला? म्हणून तो कमीत कमी इशारे देई आणि बाकीच्यांनी त्याचा हेतू ओळखून वागावे अशी अपेक्षा ठेवी. एखादा हुकूम अक्षरशः पाळल्याने आपलीच जहाजे एकमेकांवर आदळणार असतील, तर आधी टक्कर टाळावी, असेही त्याने लिहून ठेवले होते. पण स्वभाव जमदग्नीचा! आपल्या योजना तो कोणाला समजावून सांगत नसे. स्वतंत्र विचार करा, असे दरडावून सांगणारे वडीलधारे कोणाच्या घरी नसतात?

२२ जून १८९३. आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोली शहराजवळ त्याचे आरमार दोन समांतर रांगांत चालले होते. एका रांगेच्या अग्रभागी ट्रायॉनचे ‘व्हिक्टोरिया’, दुसऱ्या रांगेच्या अग्रभागी रिअर-अ‍ॅडमिरल मार्कमचे ‘कँपरडाउन’. दोन्ही रांगांनी आतल्या बाजूला, म्हणजे एकमेकींकडे वळून, पूर्ण अर्धवर्तुळ घेऊन परत फिरायचे होते. रांगांत अंतर ठेवायचे सहा केबल, म्हणजे १२०० यार्ड.

घरी दोन वाट्या घेऊन टेबलावर करून पाहावे असे हे गणित आहे. अर्धे वळण घेताना प्रत्येक जहाज सुमारे ८०० यार्ड बाजूला सरके. दोघांचे मिळून १६००. मधे जागा १२००. यात आरमारविद्या कसली, चौथीतल्या मुलाची वजाबाकी आहे!

आणि ती ट्रायॉनच्या माणसांना येत होती. स्टाफ कमांडर हॉकिन्स-स्मिथ म्हणाला, निदान आठ केबल हवेत. (आठातही जहाजे एकमेकांना घासूनच गेली असती, पण सांगितले तर खरे.) ट्रायॉन ‘बरे, आठ’ म्हणाला, आणि थोड्या वेळाने इशारा सहाचाच चढला. मग फ्लॅग लेफ्टनंट लॉर्ड गिलफर्ड यांनी जपून चौकशी केली. फ्लॅग कॅप्टन मॉरिस बर्क यांनी ‘कँपरडाउन’ला वळायला किती पाणी लागते याची आठवण दिली. हे बर्क म्हणजे अंदमानात १८७२ साली मारले गेलेले आपले व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचे चिरंजीव. उत्तर आले ते तुटक: सहाच राहू द्या.

त्यानंतर तासाभराहून अधिक वेळ जहाजे तशीच चालत राहिली. मला या तासाचे फार वाटते. त्या पुलावरचे सगळे हुशार, सगळे अनुभवी. प्रत्येकाने अर्धे वाक्य बोलून पाहिले आणि उरलेले गिळले. साहेबांच्या मनात काहीतरी युक्ती असेल, असे प्रत्येकाने स्वतःला समजावले. समोर मार्कमही थबकला. हे अशक्य आहे, असे तो बोललाही. पण ट्रायॉनने भर आरमारात इशाऱ्याने विचारले, कशाची वाट पाहता? चारचौघांत असे विचारल्यावर माणूस मुकाट्याने वळतो. मार्कम वळला.

‘कँपरडाउन’ची पोलादी सोंड ‘व्हिक्टोरिया’च्या पोटात घुसली, आणि अवघ्या १३ मिनिटांत ते अवाढव्य जहाज उलटून बुडाले. ३५८ माणसे गेली. ट्रायॉनही गेला, चूक सर्वस्वी माझी, असे म्हणत. तापाने अंथरुणात पडलेला एक कमांडर उठून वर आला आणि वाचला. तो जेलिको. पुढे १९१६ साली जटलंडच्या लढाईत ब्रिटिश आरमाराची सूत्रे त्याच्याच हाती होती.

‘हायबर्निया’वर आरोपी म्हणून उभे राहिले बर्क. मेलेल्या वरिष्ठाविरुद्ध बोलणे त्यांच्या जिवावर आले होते. शब्द काढून घ्यावे लागले. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मार्कमबद्दल मात्र निकालाची जीभ दोन्हीकडे वळली: त्याने आपली शंका इशाऱ्याने कळवली नाही याचा खेद वाटतो, पण प्रत्यक्ष सेनापती समोर असताना त्याचा हुकूम मानणाऱ्याला दोषी ठरवणे सेवेला घातक होईल! म्हणजे विचारायला हवे होते, आणि न विचारणे हा गुन्हाही नव्हे. हा निकाल मी दोनदा वाचला. मला तो भेकड वाटला. पण दुसरा कोणता देता आला असता, हे मला अजून सुचलेले नाही.

‘व्हिक्टोरिया’ १११ वर्षे कोणाला सापडली नाही. २००४ साली पाणबुडे तिच्यापर्यंत पोचले तेव्हा ती सुमारे १४० मीटर खोल पाण्यात आडवी पडलेली नव्हती. नाळ चिखलात खोल रुतलेली, मागची बाजू आणि पंखे सरळ वर, अशी ती उभी होती.