बाहेरून हाक पोचेना

आमच्या नेरला लाईन गेली अन् आली, की सर्व्हरचा पत्ता बदललेला. सर्व्हर म्हणजे जुना रास्पबेरी पाय, त्यावर घरचे फोटो ठेवलेत. आज राऊटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा बांधून टाकला, तो प्रश्न मिटला. घरात फोटो उघडतात. पुण्यात ताईला मात्र काहीच दिसत नाही. पोर्ट उघडं, फायरवॉल ठीक, तरी ढिम्म.

मग राऊटरच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावर नजर गेली. पत्ता 100.72 ने सुरू होणारा! 100.64 ते 100.127 हा पट्टा 2012 साली इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या अंतर्गत जाळ्यासाठी राखून ठेवला गेला. आयपीव्ही 4 चे पत्ते अपुरे, म्हणून एका सार्वजनिक पत्त्यामागे बरीच घरं. घरातल्या कितीही कड्या काढा, बाहेरची हाक फाटकाशीच अडते. नेटवाल्याला विचारलं तर म्हणे, ‘‘भाऊ, एक डाव बंद करून चालू करून पाहा ना.’’ हे उत्तर बहुधा सगळीकडे सारखंच असावं.

शेवटी भाड्याच्या छोट्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डचा बोगदा काढला. जोडणी आतून बाहेर जाते, म्हणून कुणी अडवत नाही. दर 25 सेकंदांनी एक पॅकेट पाठवून ती जिवंत ठेवायची. रात्री ताईचा मेसेज: ‘‘दिसले रे. पण सगळे आडवे का?’’