भायखळ्याची इंग्रजी शाळा आणि आपला मराठी कोश

मुंबईस गेलेलें आपलें कुटुंब भायखळ्यास उतरतें तें बहुधा राणीच्या बागेसाठीं. मुलांना वाघ आणि अलीकडे आलेले पेंग्विन पक्षी दाखवावे, शेजारचें भाऊ दाजी लाड यांच्या नांवाचें पदार्थसंग्रहालय पाहावें, आणि ऊन उतरलें कीं परतीची गाडी धरावी, असा आपला नेहमींचा क्रम. बाग आणि संग्रहालय हीं रेल्वेच्या पूर्वेस आहेत. पश्चिमेस जो रस्ता पूर्वीं क्लेअर रोड म्हणून प्रसिद्ध होता व ज्यास आज मिर्झा गालिब मार्ग म्हणतात, तिकडे वळण्याचें आपल्याला कारण पडत नाहीं. तथापि त्याच रस्त्यावर ख्राइस्ट चर्च नांवाचें एकोणिसाव्या शतकांतलें देवालय व त्याच्याच नांवाची एक इंग्रजी शाळा आहे. त्या शाळेचा वृत्तांत मराठी वाचकांस परका वाटेल. पण थोडें खोल पाहिल्यास त्यांत आपल्या घरच्या पुस्तकांच्या फळीचाहि वृत्तांत सांपडतो.

या शाळेचें मूळ भायखळ्यास नसून कोटांत आहे. आजच्या सेंट टॉमस कॅथीड्रलचें देवालय १७१८ सालीं उघडलें, तेव्हां तेथील धर्मोपदेशक रिचर्ड कॉब यानें त्याच सुमारास एक लहानशी धर्मार्थ शाळा काढली. बारा गरीब मुलगे आणि एक पंतोजी, एवढाच तिचा पसारा. मुलांचें अन्नवस्त्र, राहणें आणि शिकणें हें सर्व धर्मादायावर चाले. पुढें शंभर वर्षांत कंपनीचें राज्य वाढलें, पलटणी वाढल्या, आणि पलटणींबरोबर अनाथ मुलेंहि वाढलीं. बाप लढाईंत किंवा तापानें गेलेला, विलायतेंतले आप्त सहा महिन्यांच्या वाटेवर, आणि आई पुष्कळदां याच देशची. अशा मुलांना गोऱ्या समाजांत मान नव्हता व आपल्या समाजांत ठाव नव्हता. मुंबईचा पहिला आर्चडीकन जॉर्ज बार्न्स याला या मुलांची दशा पाहवली नाहीं. त्यानें लोकांपुढें वर्गणीची याचना केली व १८१५ सालीं मुंबई इलाख्यांतील गरिबांच्या शिक्षणासाठीं एक मंडळी स्थापन झाली. तीच पुढें बॉम्बे एज्युकेशन सोसायटी या नांवानें ओळखली जाऊं लागली.

या मंडळीनें शिकविण्याची जी रीत उचलली, ती डॉक्टर अँड्र्यू बेल याची. या रीतीचा उगम मोठा मौजेचा आहे. बेल हा मद्रासेस सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेवर असतां त्यानें मलबारी मुलें वाळू पसरून तींत बोटानें अक्षरें गिरवीत असलेलीं पाहिलीं. मोठ्या मुलानें धाकट्यास शिकवावें, पंतोजीनें सर्वांवर नजर ठेवावी, असें त्यानें आपल्या शाळेंत चालू केलें आणि विलायतेस परतल्यावर त्याचा प्रसार केला. 'मद्रास पद्धति' या नांवानें ती तिकडे गाजली. धूळपाटीवर ओनामा गिरविलेल्या आपल्या वाडवडिलांना तींत नवें असें फारसें दिसलें नसतें. आपल्याच ओसरीवरची विद्या समुद्र ओलांडून, इंग्रजी पोषाख करून, मुंबईच्या कोटांत परत आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

कोटांत दाटी फार होती, म्हणून १८२५ च्या सुमारास शाळा भायखळ्यास आल्या. त्या वेळचें भायखळें आजच्यासारखें गजबजलेलें नव्हतें. हॉर्नबी साहेबाचा बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरा होऊन भरतीचें पाणी अडलें, तेव्हां कोठें मधली सखल जमीन वस्तीस योग्य झाली. आणि मग सधन इंग्रजांचे बंगले, शर्यतींचें मैदान व १८३३ सालीं भायखळा क्लब असा थाट तेथें उभा राहिला. त्या श्रीमंतीच्या शेजारीं ही गरिबांची शाळा होती. येथें मुलग्यांबरोबर मुलींचीहि सोय होती, ही गोष्ट आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. पुण्यांत जोतीराव फुल्यांची मुलींची शाळा निघाली ती १८४८ सालीं आणि मुंबईंत दादाभाई नवरोजी आदि तरुण मंडळींनीं मुलींच्या शाळा काढल्या त्या १८४९ सालीं. तोंवर आपल्या लेकींची अक्षरओळख हा घरोघर भीतीचा विषय होता.

आतां आपल्या संबंधाचा भाग. बार्न्सच्या मंडळीनें आरंभीं एतद्देशीय मुलांसाठींहि कांहीं शाळा चालविल्या. परंतु ही मंडळी ख्रिस्ती धर्माच्या पायावर उभारलेली. तिच्या शाळांत बायबल हें शिक्षणाचें अंग होतें. आपल्या लोकांस शंका येणें स्वाभाविक होतें. शिवाय मराठी व गुजराथी मुलांस त्यांच्या भाषेंत शिकवावयाचें तर पुस्तकेंच नव्हतीं. तेव्हां १८२० सालीं या कामापुरती एक निराळी समिती नेमण्यांत आली आणि १८२२ सालीं ती समिती मूळ मंडळीपासून विभक्त होऊन स्वतंत्र संस्था बनली. हीच पुढें १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेब तिचे अध्यक्ष होते, आणि धर्माचा उपदेश व शाळेचें शिक्षण यांची गांठ घालूं नये, असें त्यांचें ठाम मत होतें.

या विभक्त झालेल्या शाखेनें मराठी भाषेवर केवढे उपकार केले! कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं गणिताचीं पुस्तकें मराठींत झालीं. सदाशिव काशिनाथ छत्रे हे तिचे नेटिव्ह सेक्रेटरी. त्यांचीं 'बाळमित्र' व 'इसापनीति' हीं पुस्तकें १८२८ सालचीं. त्यांच्यामागून त्या जागीं आले बाळशास्त्री जांभेकर, ज्यांनीं १८३२ च्या जानेवारींत 'दर्पण' काढून मराठी वृत्तपत्रांचा पाया घातला. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनीं छापील मराठी पुस्तक प्रथम हातीं धरलें, तें बहुधा याच मंडळींच्या श्रमाचें फळ असावें.

मूळ मंडळीचाहि मराठीशीं संबंध तुटला नाहीं. तिचा एक छापखाना होता, तो भायखळ्यास प्रसिद्धीस आला. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढविलेली आवृत्ति १८५७ सालीं सरकारसाठीं याच छापखान्यानें छापली. शास्त्रीबोवांपासून वकिलापर्यंत सर्वांनीं ज्या जाड ग्रंथाचीं पानें उलटलीं, तो गरीब गोऱ्या मुलांसाठीं निघालेल्या संस्थेच्या यंत्रावर छापलेला आहे, हें त्याच्या मुखपृष्ठावर स्पष्ट असतांहि आपल्या नजरेस येत नाहीं. पुढें १८७२ पासून निघालेलें 'इंडियन अँटिक्वरी' मासिकहि भायखळ्याच्या याच छापखान्यांत छापलें जाई. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे संशोधनपर लेख त्यांतून विद्वज्जगापुढें गेले. आणखी एक योगायोग असा कीं, नेटिव्ह सोसायटीच्या परंपरेंतून उदयास आलेलें एल्फिन्स्टन कॉलेज १८७१ पासून सुमारें वीस वर्षें भायखळ्यासच, राणीच्या बागेसमोर, भरत होतें. विभक्त झालेलीं दोन भावंडें म्हातारपणीं एका आळींत राहावयास यावीं, तसाच हा प्रकार.

पुढें गिरण्यांच्या धुराड्यांनीं भायखळ्याची हवा बिघडली. सधन लोक मलबार हिलकडे गेले. वसतीच्या मुलांस मोकळी जागा हवी, म्हणून सोसायटीनें नाशिकजवळ देवळालीस विस्तीर्ण जमीन घेतली आणि १९२५ सालीं तेथें शाळा सुरू केली; तिला संस्थापकाच्या स्मरणार्थ बार्न्स हें नांव दिलें. भायखळ्यास राहिली ती दिवसाची शाळा, तीच आजची ख्राइस्ट चर्च स्कूल. ज्या वर्गांत एके काळीं पलटणींतल्या अनाथांचीं नांवें पुकारलीं जात, तेथें आतां भायखळा, माझगांव, नागपाडा या भागांतील नाना धर्मांचीं मुलें हजेरीस 'प्रेझेंट' म्हणतात.

या शाळेस दोष देतां येणार नाहींत असें नाहीं. जिच्या नांवांत 'गरिबांचें शिक्षण' होतें, तिनें दीर्घकाळ गरिबांतहि आपले व परके असा भेद ठेवला. गिरणींत राबणाऱ्या शेजारच्या मराठी मजुराच्या पोराला तिचें दार लवकर उघडलें नाहीं. परंतु एक गोष्ट तिच्या चालकांच्या पदरीं बांधलीच पाहिजे. आपल्या धर्मश्रद्धेच्या चौकटींत जें काम नीट होणार नाहीं, तें अडवून न धरतां त्यांनीं निराळें होऊं दिलें. आपल्या एकत्र कुटुंबांना वाटणीची फार धास्ती. वाटणी म्हणजे घर मोडलें असेंच आपण समजतों. पण १८२२ ची ही वाटणी झाली नसती, तर इकडची शाळा संशयांत बुडाली असती आणि तिकडे मराठी पुस्तकांचें काम कित्येक वर्षें मागें पडलें असतें. मन कडू न करतां वेळीं केलेल्या वाटणीनें कधीं कधीं दोन घरें वसतात, हें शाळांच्या इतिहासांत दिसतें तसें संसारांतहि दिसतें.

तेव्हां पुढच्या खेपेस मुलांना घेऊन राणीच्या बागेस जाणें झालें, तर परततांना रेल्वेच्या पलीकडे पांच-दहा मिनिटें वळावें, आणि नातवंडांना सांगावें कीं, घरांतल्या त्या जाडजूड मोल्सवर्थचा छापखाना याच भायखळ्यांत होता.