दुकानात न टिकलेल्या बाहुल्या

माझ्याकडे दोन बाहुल्या आहेत. गळ्यापर्यंत फॅशन मॉडेल, गळ्याच्या वर कॉकर स्पॅनियल जातीची कुत्री. एकीचं नाव पिंकी कूपर, दुसरीचं जिंजर जोन्स. तिसरी, पेपर पार्सन्स, अजून मिळायची आहे. प्रत्येकीसोबत एक पाळीव पिल्लू येतं. म्हणजे कुत्रीनेच कुत्रं पाळलंय. बिडकीनमध्ये हे समजावून सांगताना माझी फार दमछाक होते.

या बाहुल्या २०१३ मध्ये 'द ब्रिज डायरेक्ट' नावाच्या अमेरिकन कंपनीने काढल्या. डिझाइन कार्टर ब्रायंटचं. हा माणूस आधी बार्बीवाल्या मॅटेलमध्ये नोकरीला होता. मोठ्या डोक्याच्या, जाड ओठांच्या 'ब्रॅट्झ' बाहुल्यांची कल्पना त्याची. २००१ मध्ये एमजीए कंपनीने त्या बाजारात आणल्या आणि बार्बीला पहिल्यांदा घाम फुटला. मग मॅटेलने दावा लावला की आमच्या पगारावर असताना सुचलेली कल्पना आमची. २००८ मध्ये ज्युरीने मॅटेलच्या बाजूने १० कोटी डॉलरचा निकाल दिला, २०१० मध्ये अपिलात तो फिरला आणि २०११ मध्ये दुसऱ्या ज्युरीने एमजीएच्या बाजूने कौल दिला. नोकरीच्या करारातलं 'इन्व्हेन्शन' कलम न वाचता सही करणाऱ्या आम्हा इंजिनिअर लोकांनी हा खटला एकदा तरी वाचावा.

एवढं सगळं होऊन गेल्यावर ब्रायंटने काय काढलं, तर कुत्र्याच्या तोंडाच्या फॅशन बाहुल्या. मला इथेच हा माणूस आवडला.

पिंकी कूपर चालली नाही, थोड्याच काळात दुकानांतून गेली. प्राण्यांच्या बाहुल्यांचं बऱ्याचदा असंच होतं, आणि त्याचं कारण मला असं वाटतं. १९५९ मध्ये रूथ हँडलरने बार्बी आणली तेव्हा तिचं गणित साधं होतं: मुलगी बाहुलीत मोठी झालेली स्वतःला बघते. कुत्र्याच्या तोंडात स्वतःला बघणं अवघड. तिथे दुसऱ्याच कुणाची तरी कल्पना करावी लागते. शिवाय दुकानदाराला ती बाहुल्यांच्या फळीवर ठेवावी की प्राण्यांच्या, हेही कळत नाही. एका सीझनला माल हलला नाही की पुढची ऑर्डर येत नाही. खरं तर गणपती बघत वाढलेल्या आपल्या पोरांना माणसाच्या धडावरचं जनावराचं तोंड अजिबात नवं नाही. पण ती आपल्यासाठी बनवलेलीच नव्हती.

न चाललेली बाहुली गोळा करणाऱ्याला मात्र एक सोय असते. बार्बी कधीच पूर्ण गोळा होत नाही. बंद पडलेली मालिका होते. तिला शेवट असतो, आणि महिन्याच्या पगारातून हळूहळू तिथपर्यंत पोचता येतं. कधीकधी तर अशा मालिकेला दुसरा जन्मही मिळतो. केनर कंपनीची 'ब्लाइथ' १९७२ मध्ये जेमतेम एक वर्ष विकली गेली. भलं मोठं डोकं, मागची दोरी ओढली की डोळ्यांचा रंग बदलायचा, चार रंग. पुढे जीना गॅरन या बाईने तिचे फोटो काढले, २००० मध्ये त्यांचं पुस्तक आलं, २००१ मध्ये जपानच्या टाकाराने ब्लाइथ पुन्हा काढली, आणि आज मूळच्या ब्लाइथच्या किमती बघून मी लॅपटॉप मिटतो.

मी स्वतः सुरुवात केली ती स्वस्तातल्या 'एन्चँटिमल्स'पासून. मॅटेलने २०१७ मध्ये आणलेल्या, वीतभराहून लहान. कोल्ह्याचे कान असलेली फेलिसिटी फॉक्स, सशाची ब्री बनी, हरणाची डनेसा डिअर. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी चुलत बहिणीच्या मुलीसाठी एक घेतली, मोराची, पॅटर पीकॉक. तिने दोन दिवस खेळून फेकून दिली. मी उचलून ठेवली. मोर म्हटल्यावर टाकवेना. आम्ही पैठण तालुक्यातले, मोर आमच्याकडे पदरावर असतो.

पिंकी कूपर भारतात मिळत नाही. परदेशी खेळणी इथे येणं आता तसंही अवघड झालंय. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा. देशातल्या कारखान्यांसाठी ते बरं असेल, माझ्यासाठी नाही. म्हणून माझी आयात ऑनसाइटवर चालते. पुण्यातला जुना रूममेट टेक्सासला आहे. मी ईबेवर सेकंडहँड बाहुली शोधायची, त्याच्या पत्त्यावर मागवायची, आणि तो सुट्टीला येताना बॅगेत, चॉकलेटांच्या खाली, मोज्यात गुंडाळून आणणार. पहिल्या खेपेला त्याच्या बायकोने ती बघितली. अजून ती मला फोनवर 'पिंकी भाऊजी' म्हणते.

आणल्यावर खरं काम सुरू होतं. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं. उष्णतेने ते हळूहळू वर येतं आणि बाहुलीचे पाय चिकट होतात, धूळ धरतात. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. माझी खोली गच्चीवरची. म्हणून मार्च ते जूनच्या पावसापर्यंत त्या खालच्या मजल्यावर, देवघराशेजारच्या भिंतीतल्या कपाटात असतात. पाय साबणाच्या कोमट पाण्याने पुसायचे, वाळवून थोडं कॉर्नफ्लोर लावायचं. केस गुंतले असतील तर फॅब्रिक कंडिशनरमध्ये भिजवून मोठ्या दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे सोडवत जायचं. आईने हे एकदा बघितलं आणि म्हणाली, "माझ्या डोक्याला कधी तेल लावलं नाहीस."

पण कपडे तीच शिवते. सेकंडहँड बाहुल्या बहुतेक उघड्या येतात. आईकडे पायमशीन आहे, ब्लाउजपिसाच्या चिंध्यांची पिशवी आहे, आणि विटलेल्या पैठणीचा काठ आहे. त्या काठाचा तिने पॅटर पीकॉकला शेला केला. विणलेला मोर बाहुलीच्या तोंडापेक्षा मोठा दिसतो. पिंकीला खणाचं परकर-पोलकं. कुत्रीला ते इतकं शोभतं की हसू येत नाही.

गेल्या वर्षी स्थळ आलं होतं. मुलीकडचे घर बघायला येणार म्हणून मामा आधीच येऊन म्हणाला, "ते कपाट तेवढं झाक." आईने चादर शोधायला सुरुवात केली. बाबा म्हणाले, राहू दे. चहा झाला, पगार विचारून झाला, वर्क फ्रॉम होम कायमचं आहे का तेही झालं. मग मुलीच्या काकांची नजर कपाटावर गेली. "घरात लहान मुलगी आहे वाटतं?"

बाबा म्हणाले, "नाही. पोराच्या आहेत. त्याच्या पैशाने घेतो."

नकार मध्यस्थाकडून आला. मुलगा चांगला आहे, पण. 'पण'च्या पुढे त्याने काही सांगितलं नाही. मी जुन्या बुलेट गोळा केल्या असत्या तर तो 'पण' आला नसता, हे मला माहीत आहे, मामालाही माहीत आहे. मुलीशी माझं बोलणं झालंच नाही. तिला काय वाटलं असतं कोण जाणे.

बाबांनी चादर का टाकू दिली नाही, ते मी त्यांना विचारलेलं नाही. त्यांचं आणि कपाटाचं नातं बैलांमुळे जुळलं असावं. मी अकरावीत होतो तेव्हा आमची जमीन दिल्ली-मुंबई कॉरिडॉरसाठी गेली. आता तिकडे ऑरिकचे सहापदरी वाटावेत असे रस्ते आहेत, पथदिवे आहेत, आणि जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने सरकारशी करार केल्यापासून गावात प्लॉटशिवाय विषय नाही. पैसे मिळाले, माझी फी त्यातूनच गेली, मी तक्रार करायच्या जागेवर नाही. पण बैलजोडीला काम उरलं नाही. हौशा आणि पाखऱ्या. वर्षभर दावणीला नुसते उभे राहून खाल्लं त्यांनी, मग बाबांनी ते बाजारात नेले. त्या दिवशी ते रात्री उशिरा आले आणि जेवले नाहीत.

तेव्हापासून पोळ्याला आमच्याकडे मातीचे बैल असतात. श्रावणातल्या अमावास्येच्या आधी बाजारात जोडी मिळते. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत ते ती पुजतात, आणि दरवर्षी अशी घरं वाढताहेत. बाबा मात्र हे खऱ्या बैलांसारखंच करतात. शिंगांना हिंगूळ, त्यावर बेगड, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरांऐवजी मणी. नखाएवढी झूल आई शिवते, त्याच पिशवीतल्या चिंधीची. नैवेद्याला पुरणपोळी. पूजा झाली की बैल आधी कोनाड्यात जायचे आणि पुढच्या पावसापर्यंत कान, शिंग, मग पाय असे झडत जायचे.

चार वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा ती जोडी घेऊन गच्चीवर आले. मी कॉलवर होतो. कॉल संपेपर्यंत दाराशी थांबले, मग म्हणाले, "तुझ्याकडं ते ओल न धरायचं पाकीट असतंय ना? यांना ठेव त्यात."

तर आता वरच्या फळीवर चार जोड्या आहेत. कच्च्या मातीला पावसाळा सोसत नाही, म्हणून डब्यात सिलिका जेल, आणि शिंगांभोवती मऊ टिश्यू. बेगड दोन वर्षांत काळी पडते, ती बदलू द्यायला बाबा तयार नाहीत. खालच्या फळीवर पिंकी, जिंजर, पॅटर आणि इतर सात जणी.

रूममेट डिसेंबरात येतोय. ईबेवर पेपर पार्सन्स सापडली आहे, एक बूट नसलेली. विकणाऱ्याशी घासाघीस चालू आहे. बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, तिला खालीच कुठंतरी सरकून बसव, वरची जागा पोळ्याला लागंल.